मीटर कुठे बघतो आणि काय समजतो

नवा कॅमेरा हाती आला की मीटरिंगचे तीन-चार प्रकार माणूस पाठ करतो, आणि तरी फोटो काही सुधारत नाहीत. मला याचं कारण स्पष्ट दिसतं. शिकवणारे थेट प्रकारांपासून सुरुवात करतात आणि मीटर मुळात काय समजून चालतो, हे सांगायचं राहून जातं. ते आधी कळलं की प्रकार समजायला वेळ लागत नाही.

मीटरला वस्तू कळत नाही. वस्तूवर पडून परत आलेला उजेड तेवढा त्याला मोजता येतो. उजेड कमी परत आला, तर एक तर मुळातच अंधार असेल, नाहीतर लख्ख उन्हात काळी वस्तू ठेवलेली असेल. यातलं खरं कोणतं, हे ठरवायला मीटरजवळ काही साधन नाही. म्हणून त्याला एक गृहीतक देऊन ठेवलं आहे: समोर जे काही असेल ते मध्यम करडं आहे. पडलेल्या उजेडापैकी सुमारे 18 टक्के परत पाठवणारा, छायाचित्रकारांच्या करड्या कार्डाचा असतो तो रंग. पानं, माती, भिंती, माणसं अशा मिसळीच्या दृश्याची सरासरी बहुधा त्याच्या आसपास येते, म्हणून रोजच्या फोटोंत हे गृहीतक खपून जातं.

ते कुठे खपत नाही, हे घरातच बघता येतं. खिडकीशी एक पांढरी चादर पसरा आणि शेजारी काळी घोंगडी. आधी नुसती चादर फ्रेमभर घेऊन ऑटोवर फोटो काढा, मग नुसती घोंगडी. चादर मळकट येईल, घोंगडी विटलेली येईल. दोन्ही फोटो शेजारी ठेवले तर चादर कोणती आणि घोंगडी कोणती, हे विणीवरून ओळखावं लागेल. आता खरी गंमत पुढे आहे. मीटरिंगचा प्रकार बदला आणि तीच चादर पुन्हा टिपा. मॅट्रिक्स, सेंटर-वेटेड, स्पॉट, काहीही लावा. चादर जवळपास तेवढीच मळकट राहील. प्रकार बदलला की मीटरने कुठे बघायचं ते बदलतं. जे दिसलं ते करडं मानायचं, ही त्याची समजूत मात्र जागची हलत नाही.

ती समजूत दुरुस्त करायला कॅमेऱ्यावर वेगळी सोय असते, एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन. अधिक-उणे छापलेलं ते बटण किंवा चकती. एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड. 18 चे 36, 36 चे 72. म्हणजे दोन स्टॉप वाढवले की करड्यापासून आपण जवळजवळ शुभ्र कापडापर्यंत पोचतो. चादरीला अधिक दीड द्या, ती पांढरी होईल आणि सुरकुत्याही शाबूत राहतील. घोंगडीला उणे दीड. अनेकांना हे उलटं वाटतं, पांढऱ्याला आणखी उजेड कशाला असं वाटतं. पण मीटरने पांढऱ्याला करडं समजून उजेड आधीच कापलेला असतो. आपण तो परत देतो.

आता प्रकार. मॅट्रिक्स फ्रेमचे तुकडे करून प्रत्येकाची मोजणी करतो आणि त्यांची तुलना करून निर्णय घेतो. निकॉनने 1983 साली एफए कॅमेऱ्यात हे आणलं तेव्हा तुकडे पाच होते. 1996 च्या एफ5 मध्ये 1005 बिंदूंचा, रंगही वाचणारा सेन्सर आला. कॅनन यालाच इव्हॅल्युएटिव्ह म्हणतं. आजचा मॅट्रिक्स वरचं आभाळ ओळखतो, फोकस कुठे आहे तेही विचारात घेतो. नव्याने शिकणाऱ्याने बहुतेक वेळ यावरच राहावं, असं माझं मत आहे. सेंटर-वेटेड मध्यभागाला झुकतं माप देतो, एवढं त्याच्याबद्दल पुरे.

स्पॉटवर मात्र थांबायला हवं. तो फ्रेमचा दोन-चार टक्क्यांचा ठिपका बघतो, बाकी सगळं सोडून देतो. नाटकाचा प्रसंग घ्या: मागे काळे पडदे, एका नटावर प्रकाशझोत. मॅट्रिक्सला फ्रेमभर काळं दिसतं, तो उजेड वाढवतो आणि चेहरा जळतो. स्पॉट गालावर धरला की पडदे हिशेबातून जातात. पण तो गालही करडाच मानला जाणार, हे विसरू नका. अनेक इंग्रजी पुस्तकं गोऱ्या कातडीला एक स्टॉप वाढवायला सांगतात. आपल्याकडच्या सावळ्या गालाला बहुतेकदा काहीच वाढवावं लागत नाही, काळ्यासावळ्याला उलट थोडं कमी करावं लागतं. हा फरक आपल्याकडच्या शिकवणीत ठळकपणे यायला हवा. दिवे घाटात वारकऱ्यांच्या पांढऱ्या टोप्या आणि सदरे फ्रेमभर असतात, तेव्हा उन्हाने रापलेले चेहरे काळवंडतात ते याच हिशेबाने. तिथे मॅट्रिक्सवर अधिक पाऊण-एक द्यावं किंवा स्पॉटने चेहरा मोजावा.

मोबाइलमध्येही हेच आहे. पडद्यावर चेहऱ्यावर बोट टेकवलं की मीटर मुख्यतः तिथे बघायला लागतो. बऱ्याच फोनांत शेजारी छोटा सूर्य उमटतो. तो वर-खाली सरकवणं म्हणजे कॉम्पेन्सेशन.

कोजागरीचा चंद्र हा या सगळ्याचा कठीण नमुना. काळ्या आभाळामुळे मॅट्रिक्स फसतो आणि चंद्राचा पांढरा गोळा होतो. स्पॉट नेमका चंद्रावर बसला तर डाग दिसतात, पण चंद्र करडा येतो. एक स्टॉप वाढवला की उजळतो. खरं तर मीटर नसला तरी चालतं, कारण चंद्रावर ऊनच पडलेलं असतं: एफ/11, आयएसओ 100, शटर 1/125 च्या आसपास. अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्सला 1941 साली न्यू मेक्सिकोतल्या हर्नांडेझ गावावरचा चंद्रोदय टिपताना मीटर सापडेना. चंद्राची तेजस्विता त्याला ठाऊक होती, दर चौरस फुटाला 250 कँडल, आणि त्यावरून त्याने एक्स्पोजर काढलं. त्या फोटोत खालची घरं आणि क्रूसही दिसतात, कारण मावळतीचा उजेड त्यांच्यावर अजून होता. भर रात्री एकाच फोटोत चंद्र आणि अंगण दोन्ही नीट यावेत, हे मीटरिंगच्या कुठल्याच प्रकाराला जमणारं नाही. ते हवं असेल तर पौर्णिमेच्या आदल्या संध्याकाळी निघावं. त्या दिवशी चंद्र सूर्यास्ताच्या आधीच उगवतो, आणि थोडा वेळ जमिनीवरचा आणि चंद्रावरचा उजेड एका फ्रेममध्ये मावण्याइतका जवळ येतो.