झाकली मूठ

'झाकली मूठ सव्वा लाखाची' ही म्हण ज्याने प्रथम उच्चारली, त्याने आयुष्यात विमान बांधले नसावे, अशी माझी आता खात्री झाली आहे. मी बांधले आहे. दचकू नका! माझे विमान या टोकापासून त्या टोकापर्यंत पंचेचाळीस सेंटिमीटर रुंद आणि वजनाला शंभरेक ग्रॅम, म्हणजे आमच्या घरच्या दोन बेसनलाडवांएवढे. परंतु ते खरोखर उडते. त्याच्या पोटात आगपेटीहून लहान बॅटरी आणि नखाएवढा रिसीव्हर आहे. जमिनीवर उभ्या माणसाने हातातल्या रिमोटची दांडी हलवली की रेडिओलहरींचा हुकूम वर पोचतो आणि शेपूट वळते.

सुट्टीसाठी पुण्याहून येणाऱ्या नातवाला पाडव्याला काहीतरी द्यावे, एवढाच माझा मूळ हेतू होता. गणिताच्या शिक्षकाने निवृत्तीनंतर खेळणी करत बसावे हे निलंग्यासारख्या गावात लपून राहत नाही. "काय करायलात सर?" असे विचारत शेजारी डोकवायचे आणि चहा घेऊन जायचे.

वर-खाली पंखांच्या दोन जोड्या असलेले हे जुन्या घाटाचे विमान. राइट बंधूंनी १७ डिसेंबर १९०३ रोजी पहिल्यांदा उडवले ते असेच होते. पहिल्या खेपेस ते बारा सेकंद हवेत राहिले आणि एकशेवीस फूट गेले. त्यांच्या पंखांचा सांगाडा लाकडाचा, वर मलमल ताणून बसवलेली. दोन पंखांच्या मध्ये उभ्या काठ्या आणि तिरप्या तारा, एखाद्या पुलाच्या सांगाड्यासारख्या. त्यामुळे वरचा पंख खालच्याला आणि खालचा वरच्याला धरून राहतो. एकत्र कुटुंबच म्हणा ना! आणि एकत्र कुटुंबाप्रमाणेच, एकाची कमजोरी तिथे सगळ्यांना भोवते.

माझा सांगाडा बाल्सा नावाच्या लाकडाचा. हे लाकूड इतके हलके की हातात घेतल्यावर आपण काही उचलले आहे असे वाटतच नाही. त्याच्या पातळ बरगड्या कापायच्या, एका लांब दांडीवर ओळीने चिकटवायच्या, आणि मग वर प्लॅस्टिकची झिरझिरीत फिल्म इस्त्रीने बसवायची. गरम होताच ती आक्रसते. सुरकुत्या नाहीशा होतात आणि पंख तबल्याच्या शाईपुडीसारखा ताठ होतो. तो क्षण मोठा सुखाचा असतो. कालपर्यंत काटक्यांची मोळी होती, आज विमान झाले!

याच सुखाच्या आदल्या रात्री माझ्या हातून ती गोष्ट घडली. चष्मा शोधताना कोपर पडले आणि खालच्या डाव्या पंखाची मुख्य दांडी मधोमध तडकली. तुटली नाही, केसाएवढी चीर पडली. नीट करायचे तर बरगड्या सोडवायच्या, दांडीला दोन्ही बाजूंनी आधार द्यायचा, डिंक रात्रभर वाळू द्यायचा. नातू दुसऱ्या दिवशी धनत्रयोदशीला यायचा होता. मी चिरेत डिंकाचा एक थेंब सोडला, आणि सकाळी वर लाल फिल्म ताणून बसवली. पंख सुरेख दिसू लागला. मूठ झाकली गेली.

मन अशा वेळी फार हुशार वकील होते. ते म्हणाले, 'अरे, हे खेळणे! यात कोण बसणार आहे? मुंबईला कांदिवलीत कॅप्टन अमोल यादव यांनी इमारतीच्या गच्चीवर सहा आसनांचे विमान बांधले, २०१७ साली त्याची रीतसर सरकारी नोंदणी झाली. त्यात माणसे बसायची, तिथे प्रत्येक सांधा तपासावाच लागतो. तुझ्या लाडवांएवढ्या विमानाला कसली तपासणी?' वकिलाचे बोलणे मला पटले. जे पटावेसे वाटते ते चटकन पटते.

नातू आला, विमान पाहून नाचला. पाडव्याला पहाटे, वारा पडलेला असताना, उडवायचे ठरले.

त्या दुपारी सौभाग्यवती करंज्या तळत होत्या. मी पाहिले, तर एक सुबक, छान मुरड घातलेली करंजी त्यांनी कढईत न सोडता बाजूला ठेवली. मी कारण विचारले.

"मुरड घालताना कड सुटल्यासारखी वाटली."

"दिसत तर नाही."

"दिसत नाही म्हणूनच तर काढली. तेलात फुटली तर सारण जळतं, आणि मग मागच्या सगळ्या करंज्या काळ्या होतात. त्यांचा काय दोष?"

त्या पुन्हा तळायला लागल्या. मला मात्र तिथे उभे राहवेना.

न दिसणाऱ्या गोष्टीत माणसाने प्रामाणिक का असावे? 'देव पाहतो' हे उत्तर आपण लहानपणी ऐकतो. ते खोटे आहे असे मी म्हणत नाही. परंतु कोणी पाहते म्हणून सरळ वागणे हे परीक्षेत पर्यवेक्षक आहे म्हणून कॉपी न करण्यासारखे झाले. माझ्या प्रश्नाला ते पुरेना. कारण झाकणे हे पाप मुळीच नव्हे. फिल्म न घालता विमान उडेल काय? पारीवाचून करंजी होईल काय? झाकावे तर लागतेच. पण झाकल्यानंतर पाहणाऱ्याला आत डोकावता येत नाही. त्याला आपल्या शब्दावर चालावे लागते. म्हणून प्रत्येक झाकण हे न बोलता दिलेले वचन असते, की आत आहे ते धड आहे.

आमच्या भागाला हे फार महागात शिकावे लागले आहे. ३० सप्टेंबर १९९३. गणेशविसर्जन करून माणसे झोपली होती, आणि पहाटे चारच्या सुमारास किल्लारीचा भूकंप झाला. हजारो माणसे गेली. भिंती दोन-दोन हात रुंद, बाहेरून गढीसारख्या भक्कम. परंतु आतला दगडांचा थर वेगळा आणि बाहेरचा वेगळा. मध्ये माती आणि चिपा. दोन्ही थरांना बांधणारा आरपार दगड बहुतेक ठिकाणी नव्हताच. वर वर्षानुवर्षे माती चढवलेले जड माळवद. धक्का बसताच थर एकमेकांपासून सुटले. पुढे टिकलेली घरे मजबूत कशी करावीत हे दाखवताना, भिंतीला आरपार भोके पाडून त्यात काँक्रीटचे दुवे भरले गेले. म्हणजे जी गोष्ट आत असायला हवी होती, ती मागाहून आत घातली.

त्या गवंड्यांना मी दोष देत नाही. बापजाद्यांनी बांधले तसे त्यांनी बांधले. स्वतःही त्याच भिंतींच्या आत झोपले. त्यांना ठाऊक नव्हते. मला ठाऊक होते. खेळणे आणि घर यांची बरोबरी मी करत नाही. ती करणे त्या मृतांचा अपमान होईल. परंतु ठाऊक असणे आणि ठाऊक नसणे यांत जो फरक आहे, तो शंभर ग्रॅमच्या वस्तूतही तेवढाच असतो.

रात्री नातवाला जवळ बसवले आणि सगळे सांगितले. तो बराच वेळ पंखावरून बोट फिरवत राहिला. मग म्हणाला, "आबा, ते पडलं असतं, तर मला वाटलं असतं, मीच पाडलं."

बेचाळीस वर्षे मुलांना गणित शिकवले, पण हे उत्तर माझ्या हिशेबात आले नव्हते. मी विमानाचा विचार करत होतो. चीर जाणार होती ती त्याच्या खात्यावर. रिमोट त्याच्या हातात, चूक माझ्या कोपराची, आणि आयुष्यभर तो म्हणत राहिला असता, 'आबांनी इतकं छान विमान केलं, आणि मी पहिल्याच दिवशी मोडलं.' झाकलेल्या दोषाची किंमत झाकणारा क्वचितच देतो. ती देतो विश्वास ठेवणारा.

आम्ही दोघांनी मिळून फिल्म कापली. दांडीच्या दोन्ही बाजूंना बांबूची बारीक कामटी लावली, दोरा गुंडाळला, डिंक वाळू दिला. लाल फिल्म संपली होती. पिवळ्याचे ठिगळ लागले. दांडीचे वजन वाढले म्हणून विमान बोटांवर तोलून बॅटरी जराशी सरकवली. या खटाटोपात पाडवा हुकला.

भाऊबीजेच्या पहाटे सोयाबीन काढून मोकळ्या झालेल्या रानात आम्ही गेलो. विमान उठले, लिंबाच्या झाडावरून वळले, पिवळे ठिगळ उन्हात एकदा चमकले. दुसऱ्या वळणाला नातवाने दांडी जास्त ओढली. विमान थबकले आणि नाकावर धसकटांत उतरले. पंखा मोडला, एक चाक निखळले. पंखाच्या दोन्ही जोड्या शाबूत होत्या.

नातू धावत गेला आणि विमान उचलून परत आला. चेहरा पडला होता, पण नजर सरळ माझ्याकडे होती.

"ही माझी चूक, आबा," तो म्हणाला. "पुढच्या वेळी हळू ओढीन."