ओले धान्य वर ठेवा

पदवी ही कमावण्याची गोष्ट आहे की विकत घेण्याची? आमच्या वाडवडिलांना हा प्रश्न पडला नसता. आज तो घरोघरी पडला आहे. फक्त उघड कोणी बोलत नाही.

सारसोळे हे खाडीकाठचे आगरी-कोळ्यांचे गाव. 1970 साली सिडको स्थापन झाली, 95 गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी घेण्याचे ठरले आणि या गावाभोवती नेरूळ उभे राहिले. पुढे 1983 साली वसंतदादा पाटील यांच्या सरकारने विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली. त्यानंतरच्या काळात नेरूळ परिसरात डी. वाय. पाटील, तेरणा, एसआयईएस अशा संस्थांची संकुले झाली. सरकारी जागा मोजक्याच होत्या. खाजगी महाविद्यालये निघाली म्हणूनच कित्येक घरांत पहिला इंजिनिअर झाला. तेव्हा खाजगी शिक्षणाला सरसकट दोष देणे आम्हांला मान्य नाही. जून 2025 मध्ये तर नवी मुंबईतील नियोजित शिक्षणनगरीसाठी यॉर्क, अ‍ॅबरडीन यांसह पाच परदेशी विद्यापीठांना इरादापत्रे मिळाली. बाजार वाढतो आहे. प्रश्न आहे तो बाजाराच्या नीतीचा.

बारावीचा निकाल लागला की ‘शंभर टक्के नोकरी’ असे फलक जागोजागी झळकू लागतात. नोकरी किती जणांना लागली, कोणत्या पगारावर, किती जण मोजणीतूनच वगळले, हे त्या फलकावर नसते. 2021-22 सालच्या भारतीय जाहिरात मानक परिषदेच्या अहवालात आक्षेपार्ह जाहिरातींत शिक्षणक्षेत्र पहिल्या क्रमांकावर होते. शिकवणी वर्गांच्या खोट्या हमीला आळा घालण्यासाठी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला नोव्हेंबर 2024 मध्ये मार्गदर्शक तत्त्वे काढावी लागली.

आमच्या परंपरेत याविषयी एक हदीस आहे. हजरत मुहम्मद पैगंबर (स.) बाजारातून जात असता त्यांनी धान्याच्या एका राशीत हात घातला. बोटांना ओल लागली. विक्रेता म्हणाला, पाऊस लागला. त्यावर त्यांनी विचारले, मग ओले धान्य वर का नाही ठेवलेस, लोकांना दिसले असते? आणि जो फसवतो तो आमच्यातला नव्हे, असे बजावले. धान्य भिजले हा गुन्हा नव्हता. ओल झाकली हा गुन्हा होता.

हीच कसोटी आता विद्यार्थ्याला लावून पाहू. नोव्हेंबर 2022 मध्ये चॅटजीपीटी आले आणि प्रकल्प, निबंध, प्रबंधाची प्रकरणे काही मिनिटांत तयार होऊ लागली. वरून सुबक, कोरडी रास. आत हात घातला तर विद्यार्थ्याला स्वतःच्याच प्रबंधातले वाक्य समजावून सांगता येत नाही. तो म्हणतो, महाविद्यालयाने लाखो रुपये घेऊन आम्हांला फसवले, मग आम्ही का फसवू नये? युक्तिवाद वरवर बिनतोड वाटतो. पण या फसवणुकीची किंमत महाविद्यालय मोजत नाही. ती उद्याचा रुग्ण मोजतो, पक्षकार मोजतो. ऑक्टोबर 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयासमोर प्राप्तिकर खात्याचा एक आदेश आला. त्यात आधाराला घेतलेले निवाडे अस्तित्वातच नव्हते. न्यायालयाने तो आदेश रद्द केला आणि कृत्रिम बुद्धिमत्तेच्या काळात मिळालेली माहिती पडताळून घ्या, असे सुनावले.

पडताळणी हा तर आमच्या इल्मचा पाया. वकिलाला मिळते ती सनद; पण हदीसच्या शास्त्रात सनद म्हणजे साखळी, कोणी कोणाकडून ऐकले त्याची. साखळीतला एक दुवा अविश्वसनीय ठरला की कथनाचे वजन घटले, मग मजकूर कितीही सुंदर असो. जुन्या काळी उस्तादासमोर किताब वाचून, समजून झाल्यावर उस्ताद स्वतः इजाजत देई. यंत्राच्या उत्तराला अशी साखळी नसते. ते खरे आणि खोटे सारख्याच आत्मविश्वासाने सांगते.

मग यंत्र हराम ठरवायचे काय? मुळीच नाही. उर्दू किंवा मराठी माध्यमातून आलेली, घरात पहिल्यांदाच महाविद्यालयाची पायरी चढलेली मुलगी इंग्रजी पुस्तकातला उतारा त्याच्याकडून दहादा समजावून घेते. ते तिच्यावर वैतागत नाही, तिला हसत नाही. महागडी शिकवणी न परवडणाऱ्या घराला हा मोठा आधार आहे. तिने समजून घेतले आणि मग स्वतः लिहिले, तर ते ज्ञान तिचे. तिच्यासाठी यंत्रानेच लिहिले आणि तिने नुसती सही केली, तर ती ओल झाकणे. जी मदत शिक्षकासमोर उघड सांगता येते ती घ्यावी. जी लपवावी लागते ती टाळावी.

आमच्या समाजाला तर हे अधिकच लागू आहे. 2006 च्या सच्चर समितीच्या अहवालानुसार वीस वर्षांवरील मुसलमानांत पदवी वा पदविकाधारक चार टक्क्यांहूनही कमी होते. जिथे पदव्याच थोड्या, तिथे एक पोकळ निघाली तर संशय पुढच्या दहा जणांवर जातो. म्हणून प्रवेश घेताना आई-बापांनी संस्थाचालकांना विचारावे, ओले धान्य कुठे आहे? आणि त्याच धिटाईने हा प्रश्न घरी आपल्या मुलांनाही विचारावा.