हौस की माल?

पुठ्ठ्याचा एक तुकडा. उंची नऊ सेंटिमीटरला किंचित कमी, रुंदी सव्वासहा. त्यावर मित्सुहिरो अरिता या जपानी चित्रकाराने काढलेला, तोंडातून आग ओकणारा चारिझार्ड नावाचा पंखवाला प्राणी. चित्राला चमकता वर्ख. कार्ड तिरके केले की उजळतो. १९९९ च्या जानेवारीत अमेरिकेत पोकेमॉन पत्त्यांचा पहिला इंग्रजी संच निघाला, त्यातले हे चौथे कार्ड. पहिल्या आवृत्तीचा शिक्का असलेली आणि तपासणीत दहापैकी दहा गुण मिळालेली त्याची एक प्रत मार्च २०२२ मध्ये ४ लाख २० हजार डॉलरला विकली गेली.

आकडा ऐकून 'तौबा' म्हणून मोकळे होणे सोपे आहे. पण नानीचे जुने पानदान आपणही मोडीत घालत नाही. जुन्या वस्तूवर जीव जडणे हा काही गुन्हा नव्हे.

२००१ मध्ये सौदी अरेबियाने पोकेमॉनवर बंदी घातली. जुगाराशी साम्य हे त्यामागचे एक कारण होते. बाकीची कारणे मला ओढूनताणून आणलेली वाटतात, हे मात्र तसे नाही. त्या संचाच्या बंद पाकिटात अकरा पत्ते असत आणि चमकते कार्ड साधारण तिनांत एका पाकिटात निघे. मूल पैसे देई ते आत काय आहे हे न कळताच. अशा अज्ञाताच्या सौद्याला आपल्या फिक्हमध्ये 'गरर' म्हणतात. १९९९ मध्ये अमेरिकेतले काही पालकही हाच जुगाराचा आरोप घेऊन कोर्टात गेले होते. तेव्हा ही केवळ मौलवींची कुरकुर नव्हती.

लिलावात कार्ड घेणाऱ्याला मात्र हा आक्षेप लागू होत नाही. तो वस्तू पाहून, तिचे गुण वाचून घेतो. त्याची परीक्षा पुढे, जकातीच्या वेळी होते. वापरायच्या वस्तूंवर जकात नाही. विकण्यासाठी घेतलेल्या मालावर, निसाबच्या वर, दर चांद्रवर्षी बाजारभावाने अडीच टक्के. मग हे कार्ड वापराचे की व्यापाराचे? पारदर्शक डबीत कायमचे बंद झालेले कार्ड कोणी खेळत नाही. कोपरा घासला तर गुण उतरतात, गुण उतरले तर भाव कोसळतो. अंगावर घालायच्या दागिन्यांबाबत आपल्याकडे कोकणातले शाफई आणि देशावरचे हनफी यांच्यात मतभेद आहे, पण दागिना निदान लग्नात मिरवतो तरी!

बहुतेक फकीह खरेदीच्या वेळची नियत पाहतात. १९९९ मध्ये खेळण्यासाठी पाकीट फोडणाऱ्या पोराने ते कार्ड आजवर जपले असेल, तर नुसता भाव वाढल्याने किंवा विकण्याचा विचार मनात आल्याने त्याच्यावर जकात येत नाही. तेच कार्ड भाव चढेल म्हणून घेणाऱ्यावर येते. दोघांच्या कपाटात वस्तू एकच. (त्या पहिल्या संचात पत्ते १०२, अधिकाच्या हव्यासाविषयी बोलणारी सूरह अत-तकासुर कुरआनात १०२ वी. योगायोगच, पण मला गंमत वाटली.)

अडचण अशी की हिशेब मांडताना 'हौस आहे' म्हणणारा गृहस्थ रात्री इंटरनेटवर भाव बघत बसतो. मी त्याला एवढेच विचारीन : उद्या याची किंमत शून्य झाली, तर पाहुण्यांना दाखवायला ते बाहेर काढाल का? उत्तर 'नाही' असेल, आणि घेतानाही मनात हेच असेल, तर ४ लाख २० हजारांवर वर्षाला साडेदहा हजार डॉलर गरिबांचे निघतात. आणि कार्ड विकले नाही तरी ते द्यावे लागतात.