बाद झालेला कुठे जातो?

१४ सप्टेंबर २०२५ला दुबईत आशिया चषकातला भारत-पाकिस्तान सामना संपला आणि खेळाडू हस्तांदोलन न करताच आत गेले. नंतरचे आठ-पंधरा दिवस आपल्याकडे जी चर्चा चालली तिच्यात मला दोनच सूर ऐकू आले. एकाचं म्हणणं, खेळ म्हणजे युद्धच, उगाच गळाभेटीची नाटकं कशाला. दुसऱ्याचं म्हणणं, खेळ मैत्रीसाठी असतो, त्यात वैर आणू नका. पहिला जॉर्ज ऑर्वेलचा दाखला देत होता, दुसरा 'निकोप स्पर्धा' या ठेवणीतल्या शब्दांचा. त्या निर्णयाच्या बऱ्यावाईटात मला इथे शिरायचं नाही. मला खटकलं ते वेगळंच. तावातावाने भांडणारे हे दोघे एकाच गृहीतकावर उभे होते. चुरस आणि सलोखा म्हणजे तराजूची दोन पारडी, एक चढलं की दुसरं उतरणार. मग निकोप स्पर्धा म्हणजे काय, तर थोडी पातळ केलेली स्पर्धा. आमटीत पाणी वाढवावं तशी.

'सहभाग महत्त्वाचा, जिंकणं नव्हे' हे बक्षीस समारंभातलं पालुपद आधुनिक ऑलिंपिकचा जनक कूबेर्तँ याच्या नावावर खपतं. मुळात ते १९०८च्या लंडन ऑलिंपिकच्या वेळी एका अमेरिकी बिशपने प्रवचनात मांडलं होतं, आणि प्रवचनात ते शोभतंही. जिंकणं महत्त्वाचं नसेल तर गुण कशाला मोजता, एवढंच त्यावर विचारावंसं वाटतं.

चुरस आणि सलोख्याच्या या प्रश्नाचा विचार करताना मला मोठी मैदानं उपयोगाची वाटत नाहीत. तिथे झेंडे, कॅमेरे आणि जाहिरातदार इतके असतात की खेळ कुठे संपला हेच कळत नाही. मला आठवतो उत्तर इंग्लंडमधल्या एका गावातला पब. नोकरीच्या निमित्ताने मी तिथे दोन हिवाळे काढले आणि दोन्ही हिवाळे तिथल्या क्विझ लीगमध्ये एका संघाचा चौथा भिडू म्हणून खेळलो. चौथा म्हणजे खरोखरच चौथा. तिघे मुरलेले होते आणि त्यांना एक माणूस कमी पडत होता.

पब क्विझचा इतिहास सांगत बसत नाही. मर्सीसाइडकडे १९५९पासून लीगा आहेत. १९७६च्या सुमारास बर्न्स आणि पोर्टर या जोडीने गिऱ्हाईक नसलेल्या रात्री पब भरावेत म्हणून क्विझचं लोण पसरवलं, आणि १९८१मध्ये ट्रिव्हियल पर्सूटचा खेळ बाजारात आला. हे सगळं कुठेही वाचायला मिळतं. एक फरक मात्र ध्यानात ठेवावा लागतो. पैसे भरून कोणीही बसावं, दहा टेबलांनी कागदावर उत्तरं लिहावीत, ते पब क्विझ. लीग वेगळी. तिथे दोनच संघ, दोनच टेबलं, एकमेकांसमोर चौघे आणि चौघे. आमच्या लीगमध्ये प्रत्येकाला पाळीने प्रश्न यायचा. स्वतः उत्तर दिलं तर दोन गुण, भिडूंना विचारून दिलं तर एक, आणि चुकलं तर प्रश्न पलीकडच्या टेबलावर, तिथे बोनसचा एक गुण. ऑक्टोबरपासून एप्रिलपर्यंत दर मंगळवारी, एकदा आपल्या पबात, एकदा त्यांच्या. मध्यंतराला यजमान पबाकडून सँडविच आणि चिप्स. समोरच्यांच्या पबातल्या चिप्स आपल्यापेक्षा चांगल्या असल्या तर तीही हार मानली जायची.

मराठी वर्तमानपत्रांनी क्रीडापानासाठी दोन सुरेख शब्द घडवले आहेत, साखळी सामने आणि बाद फेरी. साखळीत हरलेली कडी निखळत नाही. पुढचा मंगळवार असतोच. बाद फेरीत हरलेला बाद. माझा प्रश्न इथून सुरू होतो, कारण गोडीगुलाबीची खरी परीक्षा साखळीत होत नाही. पुढच्या आठवड्यात पुन्हा तोंड दाखवायचं असतं म्हणून माणसं सभ्य वागतात, असा एक हिशेबी खुलासा केला जातो. तो खरा असता तर बाद फेरीत सभ्यता गळून पडलेली दिसली असती. मला दिसली नाही. जे दिसलं ते सांगतो.

उपांत्य फेरी. समोर नदीपलीकडच्या पबाचा संघ, ज्यांच्याशी आमच्या कप्तानाची वीस वर्षांची चुरस. हा कप्तान निवृत्त पोस्टमन, फुटबॉलच्या प्रश्नांत अजिंक्य आणि हरला की तीन दिवस कोणाशी न बोलणारा. शेवटच्या दोन फेऱ्या उरल्या होत्या आणि गुण जवळपास सारखे. त्यांच्या तिसऱ्या माणसाला प्रश्न आला, क्षेत्रफळाने भारतातलं सर्वांत मोठं राज्य कोणतं? त्याने थोडा विचार करून 'राजस्थान' म्हटलं. प्रश्न विचारणाऱ्याने कार्ड पाहून मान हलवली. चूक. प्रश्न बोनससाठी आमच्याकडे आला आणि सगळं टेबल माझ्याकडे वळलं, कारण त्या खोलीत भारतातून आलेला मी एकटाच.

आता पेच पाहा. उत्तर राजस्थानच होतं. छत्तीसगड वेगळं होऊन तेव्हा आठ-नऊ वर्षं झाली होती. म्हणजे कार्ड लिहिणाऱ्याने २०००च्या आधीचं पुस्तक वापरलं होतं आणि त्या कार्डावर 'मध्य प्रदेश' लिहिलेलं असणार, हे मला एका क्षणात कळलं. मी 'मध्य प्रदेश' म्हटलं की गुण आमचा. मी खोटंही बोललो नसतो, कार्डाला हवं ते दिलं असतं, इतकंच. कबूल करतो, दोन-तीन सेकंद मी तो विचार केला. कप्तानाने हळू आवाजात विचारलं, उत्तर काय? मी म्हटलं, राजस्थान. तो म्हणाला, ते तर त्यांनी दिलंय. मी म्हटलं, हो, त्यांचं बरोबर आहे. तो अर्धा मिनिट गप्प बसला. मग मोठ्याने म्हणाला, कार्ड चुकलंय, त्यांना त्यांचे दोन गुण द्या, आमच्याकडे साक्षीदार आहे.

आम्ही एका गुणाने हरलो. गणित कच्चं असलेल्यालाही कळेल की दोन गुणांनी जिंकता आलं असतं.

हा प्रसंग मी इथल्या एका स्नेह्यांना सांगितला तेव्हा ते म्हणाले, किती छान, यालाच निकोप स्पर्धा म्हणतात, जिंकण्याची हाव नाही. नेमकी इथेच गफलत होते. त्या खोलीत जिंकण्याची सर्वांत जास्त हाव त्या कप्तानालाच होती. तो मार्च संपेपर्यंत धुसफुसत राहिला. तू मिळालास म्हणून मी भाग्यवान आहे असं समजू नकोस, असं त्याने मला तीनदा सुनावलं. त्याच्या चुरशीत पाण्याचा थेंब नव्हता. त्याला जिंकायचं होतं ते समोरच्या चौघांवर, आणि कार्डाच्या चुकीवर मिळवलेला गुण त्यांच्यावर मिळवलेला नसतो. ज्याला चुरस कमी असते त्याला तो गुण चालला असता, कारण त्याला फक्त पुढच्या फेरीत जायचं असतं.

ऑर्वेलला उत्तर दिल्याशिवाय पुढे जाता येत नाही, आणि खरं तर मला ते टाळायचंही नाही. नोव्हेंबर १९४५मध्ये मॉस्कोचा डायनामो संघ ब्रिटनमध्ये चार सामने खेळून गेला. त्यानंतर महिन्याभरात ऑर्वेलने 'ट्रिब्यून'मध्ये लिहिलं की अशा दौऱ्यांनी असलेलं वैर वाढतंच, आणि प्रतिष्ठेसाठी खेळलेला खेळ हे बंदुकीविना चाललेलं युद्धच असतं. त्याने अपवाद केला तो गावच्या माळावरच्या खेळाचा. तिथे ऐन वेळी दोन बाजू पाडल्या जातात, गावाची इभ्रत पणाला नसते, म्हणून मजा उरते. थोडक्यात, त्याचे दोन कप्पे आहेत. इभ्रत नाही, तिथे मौज. इभ्रत आली, तिथे द्वेष.

क्विझ लीग कोणत्या कप्प्यात टाकायची? तिथे इभ्रत असते. विजेत्या पबाचं नाव ढालीवर कोरलं जातं, ती ढाल बारच्या मागे वर्षभर टांगली जाते, आणि शेजारच्या पबातला माणूस ती पाहून मुद्दाम पाठ करून बसतो. ऑर्वेलचे पाठीराखे म्हणतील, पणाला फार काही नाही म्हणून भांडण पेटत नाही. ज्यांनी हाउसिंग सोसायटीच्या सेक्रेटरीपदाची निवडणूक पाहिली आहे ते या युक्तिवादाला हसतील. पणाला जितकं कमी तितकी माणसं जास्त चवताळतात, हा आपला रोजचा अनुभव. मग ते म्हणतील, तिथे प्रेक्षक नसतात. हा ऑर्वेलचा सर्वांत बळकट मुद्दा, आणि तो त्याचाच आहे. खेळाडूंपेक्षा बघे जास्त बिथरतात हे त्याने ओळखलं होतं. पण मग विष खेळात कुठे होतं? ते बघ्यात होतं. त्याने दावा लावला खेळावर आणि पुरावे दिले गर्दीविरुद्ध.

आणखी एक. त्याच लेखानंतर दोनेक महिन्यांनी, फेब्रुवारी १९४६मध्ये, याच ऑर्वेलने 'इव्हिनिंग स्टँडर्ड'मध्ये आपल्या मनातल्या आदर्श पबाचं वर्णन केलं. फार लोभस लेख आहे. त्या पबात डार्ट्सचा खेळ एकाच भागात चालतो, का, तर इतरांना उडत्या बाणांची धास्ती न बाळगता फिरता यावं म्हणून. एवढा बारकाईने पाहणारा माणूस, आणि पबातल्या खेळाचं त्याला दिसलं काय, तर टोचण्याची भीती. या पबाचा संघ त्या पबात जाऊन, हरून, त्यांच्याच बारवर पैसे खर्च करून घरी येतो, ही गोष्ट त्याच्या दोन्ही लेखांच्या मधोमध पडून राहिली. एक लेख खेळाचा, एक पबाचा. दोन्ही एकत्र ठेवून पाहिले असते तर पहिला त्याला नव्याने लिहावा लागला असता, असं मला वाटतं. ऑर्वेलवर मी जरा जास्तच रेंगाळलो. पण आपल्याकडे त्याचं ते एकच वाक्य इतक्या वेळा फेकलं जातं की इलाज नव्हता.

गूगल आणि एआयच्या जमान्यात पाठांतराची स्पर्धा कशाला, या आक्षेपाला उत्तर देण्याचं कारण नाही. मोटारी आल्या म्हणून कोणी शर्यतीत धावायचं थांबलं नाही.

मला जो फरक सांगायचा आहे तो मराठीनेच हातात दिला आहे. 'हरवणे' हे आपलं क्रियापद पाहा. 'मी त्याला हरवलं' आणि 'तो हरवला'. पहिल्यात समोरचा हरतो, पण समोरच असतो. दुसऱ्यात तो दिसेनासा होतो. व्याकरणाचे शिक्षक सांगतील की ही दोन निराळी क्रियापदं, एक सकर्मक आणि एक अकर्मक. असतील, आणि माझं म्हणणं तेच आहे. ती निराळी आहेत आणि आपण ती एक समजून चाललो आहोत. चुरस पहिल्याची असते, ईर्ष्या दुसऱ्याची. चुरशीच्या माणसाला समोरचा हरायला हवा असतो. ईर्ष्येच्या माणसाला तो नसायलाच हवा असतो.

हे मान्य केलं की बऱ्याच गोष्टी जागेवर बसतात. बीबीसीचा 'मास्टरमाइंड' १९७२मध्ये सुरू झाला. त्याचा जनक बिल राइट युद्धकैदी होता आणि गेस्टापोच्या चौकशीच्या आठवणीतून त्याला काळ्या खुर्चीची कल्पना सुचली. त्या खुर्चीत तुम्ही एकटे, वर दिवा, समोर चौकशी करणारा. प्रतिस्पर्धी समोर नसतोच. आपल्याकडे २००० साली आलेल्या 'कौन बनेगा करोडपती'तही तोच प्रकार, फक्त खुर्ची मऊ आणि अमिताभ बच्चन यांची अदब. दोन्ही ठिकाणी समोर हरवायला कोणी नाही, म्हणून वैर नाही. पण म्हणूनच मैत्रीही नाही. स्पर्धेतला माणूस काढून घेतला की सलोखा उरतो हा समज चुकीचा. उरतो तो ताण.

आपल्या शाहिरांना हे ठाऊक होतं. शक्तीला थोर मानणारे कलगीवाले आणि शिवाला थोर मानणारे तुरेवाले रात्र रात्र एकमेकांना कूट घालत, सवाल-जवाब चालत, आणि त्यात मुलाहिजा नसे. पण त्या प्रकाराचं नावच कलगी-तुरा. तुरेवाला खरोखर नाहीसा झाला तर कलगीवाल्याने सवाल टाकायचा कोणाला?

सगळे पबवाले साधू होते असं कोणी समजू नये. आमच्या लीगमध्ये एक संघ असा होता की ज्याच्याशी कोणी चहाचाही विषय काढत नसे. समोरचा सोपा प्रश्न चुकला की ते चौघे खुर्चीतच उसळायचे. दुसऱ्याच्या चुकीवर आनंद होणं माणसाचं आहे, मलाही व्हायचा. पण चुरशीच्या माणसाला त्या बोनसच्या गुणासोबत किंचित हिरमोड होतो. गुण घेतो, पण जरा नाइलाजाने घेतल्यासारखा. या हिरमोडापलीकडे दुसरी कसोटी मला सापडलेली नाही.

आणि बाद झालेला? आमच्या लीगची एक रीत होती. अंतिम सामन्याचे प्रश्न उपांत्य फेरीत हरलेल्यांनी काढायचे. ज्यांनी तुम्हाला बाहेर काढलं त्यांच्यासाठीच कार्डं लिहीत बसायचं. कप्तानाने प्रत्येक उत्तर दोन पुस्तकांत ताडून घ्यायला लावलं आणि भारतावरचे प्रश्न माझ्या गळ्यात घातले. एक मी मुद्दाम टाकला, क्षेत्रफळाने सर्वांत लहान राज्य कोणतं? कप्तान म्हणाला, फार सोपा आहे, इथले निम्मे लोक सुट्टीला तिथे जाऊन आलेत. तरी राहू दिला.

अंतिम सामना तिसऱ्याच पबात होता. आम्ही शेकोटीजवळ बसून ऐकत होतो. तो प्रश्न नेमका नदीपलीकडच्यांच्या तिसऱ्या माणसाकडे, त्या राजस्थानवाल्याकडे गेला. त्याने आधी माझ्याकडे पाहिलं, मग छताकडे. सेकंद जात होते. माझ्या शेजारी कप्तान पेल्यात तोंड घालून पुटपुटत होता, गोवा, अरे गोवा. तो माणूस म्हणाला, सिक्कीम. प्रश्न बोनससाठी पलीकडे गेला आणि कप्तानाने पेला टेबलावर असा आपटला की पबवाल्याने मान वर करून पाहिलं.