सही जुळत नाही

गेली बावीस वर्षं मी बँकेत लोकांच्या सह्या पाहतो आहे. चेहरे पाहायला सवड नसते. रस्त्यात कुणी नमस्कार केला तर ओळख पटत नाही. त्याच गृहस्थाने चेक पुढे केला की मात्र लख्ख आठवतं, 'अरे, हे तर शेपटीवाले कुलकर्णी!'

या विद्येचा बोभाटा आमच्या बिल्डिंगमध्ये कुणी केला, देव जाणे. परवा रविवारी तळमजल्यावरचे आप्पा पंचात गुंडाळलेली एक छोटी बॅट घेऊन वर आले. तिच्यावर सह्या होत्या. १९७१ साली ओव्हलवर इंग्लंडला हरवून आलेल्या वाडेकरच्या संघाच्या. आप्पा तेव्हा दहा वर्षांचे, टायफॉइडने अंथरुणावर. संघ मुंबईत परतला तेव्हा थोरल्या भावाने, दादाने, गर्दीत घुसून त्या आणल्या. दादा आता नाहीत.

"एक जण चाळीस हजार देतोय. गुडघ्याचं ऑपरेशन निम्मं निघेल. सह्या खऱ्या आहेत, एवढं लिहून द्या. बँकेतल्या माणसाच्या शब्दाला वजन असतं हो!"

हे आमच्या घरात ऐकायला कुणी नव्हतं, ही माझी पत्रिका.

चष्मा पुसला. सहीची गंमत अशी की, खरी सही कधीच तंतोतंत जुळत नाही. सकाळची आणि संध्याकाळची सही एकमेकींच्या बहिणी दिसाव्यात, जुळ्या नव्हेत. दोन सह्यांत केसाचाही फरक नसला, तर एक गिरवलेली समजावी. दुसरी खूण वेगाची. सहीचा धनी पळत सुटतो. नक्कल करणारा थबकत, पेन उचलत चालतो आणि थबकेल तिथे शाई साचते.

यात भलेभले फसले आहेत. बीटल्सच्या कित्येक सह्या त्यांचे मदतनीसच ठोकून देत. २०२२ साली बॉब डिलनच्या सहीची पुस्तकं सहाशे डॉलरला विकली गेली. सही यंत्राची निघाली आणि त्याला माफी मागावी लागली. अमेरिकेत खोट्या सह्यांची एक टोळी पकडली, तिच्या मालात मदर तेरेसांच्या सहीचे बेसबॉल होते! आपले गांधीजी बरे. सहीचे पाच रुपये रोख घेत, हरिजन फंडासाठी. सहीही खरी, फंडही खरा.

बॅट पाहिली आणि पोटात गोळा आला. शाई एक, दाब एक, तिरकेपणा एक. वाडेकर, गावसकर, बेदी सगळ्यांच्या नावाखाली एकाच वळणाची रेघ. वेंकटराघवन तर पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत, हजेरीपटात लिहावा तसा. मागे गर्दी रेटत असताना कोण इतकं सावकाश लिहील?

आता काय करावं? खोटं म्हणावं तर दादा खोटा ठरतो. खरं लिहावं तर घेणारा बुडतो. शेवटी बँकच मदतीला आली. खोट्या सहीचा चेक कपाटात पडून असेल तर कुणाचं काही जात नाही. काउंटरवर आला की मात्र पास करणारा जबाबदार. बॅट भिंतीवर असती तर मी खुशाल आंधळा झालो असतो. ती बाजारात निघाली होती.

सांगून टाकलं. आप्पा बराच वेळ बोलले नाहीत. मग बॅट खिडकीपाशी नेली.

"सगळ्या एकाच हाताच्या?"

"हो."

"इंग्रजी 'आर'ची अशी तंगडी दादाच टाकायचा." त्यांनी त्यावरून बोट फिरवलं. "म्हणजे अकराच्या अकरा त्याच्याच. मग विकायची कशाला?"

पंचात बॅट गुंडाळून ते निघाले. प्रत्येक पायरीवर गुडघा वाजत होता, तो मला तळमजल्यापर्यंत ऐकू आला. माझी सही वाचली खरी. पण माझ्या खरेपणाचा भुर्दंड आप्पांच्या गुडघ्याला का, हे मात्र बी. कॉम.ला शिकवलेलं नाही.