अर्थाचा शोध आणि अर्थाचा आरोप

रायपूर शहरात आणि भोवतालच्या खेड्यांत 'अटकन-बटकन' या शब्दांनी सुरू होणारे गाणे ठाऊक नसलेला माणूस विरळा. मुले गोल करून बसतात, तळहात जमिनीवर पालथे टेकवतात. एक जण ठेक्यावर प्रत्येक हाताला बोट लावत जातो आणि शेवटचा शब्द ज्या हातावर पडेल तो हात उताणा होतो. गाण्यात दही आहे, रानातला काटा आहे, थेंब थेंब गळणारे पाणी आहे, श्रावणातले कारले आहे. पुढे गंगेला जाणे आहे, गंगेहून गोदावरीला जाणे आहे. काही पाठांत पिकलेले आंबे आणि मोडलेली फांदीही आहे. या चित्रांचा परस्परांशी संबंध काय, हा प्रश्न खेळणाऱ्या मुलाला पडत नाही. तो मोठ्यांना पडतो, आणि वादही तेथूनच सुरू होतो.

छत्तीसगढात या गाण्याचा एक गूढार्थ बराच रूढ झाला आहे. त्यानुसार हे बालगीत नसून माणसाच्या अखेरच्या घटकेचे वर्णन आहे. पहिला शब्द म्हणजे घशात अडकणारा घास, दुसरा म्हणजे फिरलेले डोळे, दही म्हणजे मरणोन्मुखाच्या ओठांना लावलेले गंगाजल. रानातला काटा म्हणजे चितेची लाकडे, फुटणारे कारले म्हणजे कपालक्रिया, आणि गंगेचा प्रवास म्हणजे अस्थिविसर्जन. पूर्वजांनी जीवनाची नश्वरता अशा रीतीने मुलांच्या ओठी ठेवली, असे सांगितले जाते. ऐकणारा क्षणभर स्तब्ध होतो. ज्या गाण्यावर आपण बालपणी हसलो त्याच्या तळाशी चिता जळत होती, या कल्पनेत विलक्षण ओढ आहे.

ही ओढ या भूमीला परकी नाही. रायपूरपासून फार दूर नसलेले दामाखेडा हे कबीरपंथाच्या धर्मदासी शाखेचे पीठ आहे. वरवर विसंगत दिसणाऱ्या शब्दांत परमार्थ दडवणाऱ्या उलटबाँसीची सवय येथील कानांना पिढ्यान्‌पिढ्या आहे. जिथे विसंगती ही गूढाची खूण मानली जाते, तिथे मुलांच्या असंबद्ध बोलांतही कोणी गूढ शोधले तर नवल नाही.

परंतु अडचण अशी की, हेच गाणे दुसऱ्या अर्थालाही तितक्याच सहजतेने राजी होते. काही पाठांत 'पागा' हा शब्द येतो. छत्तीसगढीत पागा म्हणजे पागोटे. मराठी कानाला मात्र घोडदळाची पागा आठवते. १७४१ साली नागपूरकर भोसल्यांचा सेनानी भास्करपंत रतनपुरावर चालून गेला. १७५८ ते १७८७ या काळात बिंबाजी भोसल्यांनी तेथूनच छत्तीसगढचा कारभार पाहिला. ज्याला इतिहास हवा त्याला काट्यांत लूट दिसेल, गळणाऱ्या पाण्यात अश्रू दिसतील आणि गोदावरीच्या उल्लेखात दक्षिणेहून आलेल्या स्वारांची वाट दिसेल. तिसऱ्याला भूगोल हवा असेल, तर तोही हाती लागतो. आजच्या छत्तीसगढच्या उत्तर टोकाचे पाणी रिहंद आणि शोण यांच्या मार्गे गंगेला मिळते, तर दक्षिणेकडचे इंद्रावती व शबरी यांच्या मार्गे गोदावरीला. मध्ये महानदीचे खोरे पसरलेले आहे आणि रायपूर त्याच खोऱ्यात वसले आहे. गंगेहून गोदावरीला जाणे म्हणजे हा मुलूख उभा ओलांडणे होय.

एकाच गाण्यात मृत्यू, स्वारी आणि नद्यांचा नकाशा असे तिन्ही बसू लागले, म्हणजे गाण्याच्या खोलीपेक्षा वाचणाऱ्याच्या इच्छेची प्रचीती अधिक येते. सर्व किल्ल्यांनी उघडणारे कुलूप हे कुलूप नव्हेच.

तात्पर्य ठरवण्याची शिस्त आपल्या परंपरेला अपरिचित नव्हती. मीमांसकांनी त्यासाठी सहा गमके सांगितली: उपक्रम-उपसंहार, अभ्यास, अपूर्वता, फल, अर्थवाद आणि उपपत्ती. १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या 'गीतारहस्या'त लोकमान्य टिळकांनी याच कसोट्या पुढे ठेवून गीतेच्या तात्पर्याचा विचार केला. आणि त्या ग्रंथाचे हिंदी रूपांतर केले ते माधवराव सप्रे यांनी, ज्यांची कर्मभूमी रायपूर होती. 'रहस्य' हा शब्द वापरतानाही टिळकांना पुरावा द्यावा लागला. त्याच कसोट्या 'अटकन-बटकन'ला लावल्या तर काय उरते? आरंभ आणि शेवट यांचा मेळ नाही, कारण शेवट गावागावाला बदलतो. पुन:पुन्हा येणारा एखादा विचार नाही. पुन:पुन्हा येतो तो ठेका. फल विचाराल तर ते एकच: एक हात उताणा होणे. शिवाय या बोलांची भावंडे उत्तर हिंदुस्थानात अनेक ठिकाणी आढळतात आणि मराठी घरांत 'अटकमटक' आहेच. रायपुरातल्या मराठी कुटुंबातले मूल घरात एक आणि अंगणात दुसरे, अशी दोन्ही शिकू शकते. मराठी बोलांत दह्याच्या जागी चवळी आली आहे, आणि चवळीतून अंत्यसंस्कार काढणे कोणालाही जमण्यासारखे नाही. शब्द बदलले तरी नाद टिकला. यावरून या गाण्यात आधी काय आले असेल, याचा अंदाज बांधता येतो.

ही वृत्ती केवळ आपल्याकडचीच नव्हे. इंग्रजी मुलांच्या 'रिंग अ रिंग ओ रोझेस' या फेर धरण्याच्या गाण्यात १६६५ च्या लंडनमधील प्लेगचे वर्णन आहे, अशी समजूत जगभर पसरली. प्रत्यक्षात ते गाणे इंग्लंडमध्ये छापील रूपात आढळते ते १८८१ साली, आणि प्लेगचा अर्थ प्रचारात आला तो विसाव्या शतकाच्या मध्यास. आयोना व पीटर ओपी या अभ्यासक दांपत्याने त्या समजुतीला आधार नसल्याचे दाखवले, तरी ती मावळली नाही. भयाचा अर्थ मजेच्या अर्थापेक्षा अधिक खरा वाटतो, ही प्रौढपणाची एक खोडच म्हटली पाहिजे.

तथापि, छत्तीसगढातल्या गूढार्थामागे निव्वळ ही खोड नाही. २०११ च्या जनगणनेत सुमारे १ कोटी ६२ लाख लोकांनी छत्तीसगढी ही आपली मातृभाषा नोंदवली, परंतु गणना तिला हिंदीच्याच पोटात धरते. राज्य २००० साली झाले, आणि छत्तीसगढीला राजभाषेचे स्थान देणारा कायदा २००७ मध्ये विधानसभेने संमत केला. ज्या भाषेला दीर्घकाळ गावंढळ बोली म्हणून हिणवले गेले, तिच्या मुलांच्या खेळातही तत्त्वज्ञान आहे असे म्हणण्यात अपमानाचे उत्तर आहे. हे उत्तर समजून घेतले पाहिजे. पण ते मान्य करता येत नाही. प्रतिष्ठेसाठी खोटी वंशावळ जोडली की आपल्या खऱ्या कुळाची आपल्यालाच लाज आहे, अशी कबुली दिली जाते. मुलांनी मुलांसाठी जपलेले, कोणत्याही गुरूने न शिकवलेले गाणे ही भाषेची अल्प मिळकत नव्हे.

मग खेळात परमार्थ पाहूच नये काय? एकनाथांनी फुगडी, हमामा, हुतूतू अशा खेळांवर भारुडे रचली आणि त्यांत अध्यात्म भरले. पण त्यांनी ते आपल्या नावाने, नवी रचना म्हणून केले. फुगडी घालणाऱ्या मुलींनी हा अर्थ आधीच लपवून ठेवला होता, असा दावा त्यांनी केला नाही. आरोप आणि शोध यांतला भेद तो हाच. आरोप करणारा अर्थाचे उत्तरदायित्व स्वत:कडे घेतो. शोधाचा आव आणणारा ते मृत पूर्वजांवर ढकलतो, आणि पूर्वजांना नकार देता येत नाही.

ज्याने नुकतीच महानदीच्या संगमावर, राजीमला, आपल्या माणसाची रक्षा सोडली आहे, त्याला घरी परतल्यावर अंगणातले ते बोल ऐकून गलबलून आले, तर त्याला कोणी चूक ठरवू नये. त्या क्षणी गंगा त्याच्यासाठी खरोखरच अस्थींची आहे. तो अर्थ त्याच्या दु:खाने मिळवलेला आहे आणि तेवढ्याच मर्यादेत सत्य आहे. अन्याय होतो तो हा अर्थ मुलापुढे ठेवून, 'तू जे खेळतोस ते तुला कळतच नाही,' असे सांगितले जाते तेव्हा. मुलाला जे कळायचे ते कळलेले असते: सर्वांचे हात सारखेच पालथे आहेत, बोट कोणाचीही भीड धरत नाही, आणि आपली पाळी येईपर्यंत हात हलवायचा नाही.