टाळ वाजत राहिला तर

माउली, वारीच्या वाटेवर अनोळखी माणूस समोर आला की आपण आधी वाकतो. गाव कोणते, नाव काय, हे नंतर, आणि तेही बोलण्यात निघाले तर. घरी परतल्यावर मात्र हा क्रम उलटतो. शेजारी नवे बिऱ्हाड आले की पहिल्या चहालाच चौकशी सुरू होते: मूळ गाव कुठले, मुले किती, कितवीत शिकतात. बहुतेकांना या प्रश्नांचे काही वाटत नाही. ज्यांच्या घरी निराळ्या घडणीचे मूल आहे, त्यांची जीभ 'कितवीत' या एका शब्दापाशी अडखळते.

माझा मुलगा बारा वर्षांचा आहे आणि त्याला ऑटिझम आहे. मराठीत याला स्वमग्नता म्हणतात. हा शब्द आपल्या वारकरी कानांना जरा फसवतो, समाधीच्या जवळचे काहीतरी असावे असे वाटते. तसे ते नाही. मेंदूची घडणच मुळातून वेगळी असते. काही मुले उशिरा बोलतात, काही बोलतच नाहीत. आमचा मुलगा ऐकलेले वाक्य दिवसभर पुन्हा पुन्हा म्हणतो, आनंद झाला की हात फडफडवतो. कुकरची शिट्टी, मिक्सर, दाराची बेल हे आवाज त्याला अक्षरशः टोचतात. अंगाऱ्याने उतरावा असा हा आजार नव्हे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात जे २१ प्रकार मोजले आहेत, त्यांत याचीही नोंद आहे.

मग नव्या जागी गेल्यावर शेजाऱ्यांना हे सांगावे का, आणि सांगायचे तर कसे? काही आईबाप दार लावून घेतात. काही जण पहिल्याच भेटीत हात जोडून म्हणतात, "आमच्या मुलाचा तुम्हाला त्रास होईल, सांभाळून घ्या." ऐकायला हे सौजन्याचे वाटते. पण मूल तिथेच आईचे बोट धरून उभे असते. ज्याला बोलता येत नाही त्याला ऐकूही येत नाही, समजतही नाही, असे आपण सोयीने धरून चालतो. त्याची ओळख करून देणारे पहिलेच वाक्य क्षमायाचनेचे असेल, तर त्याने स्वतःला काय समजावे? माफी चुकीसाठी मागतात. जन्माला येणे ही चूक नव्हे.

याचा अर्थ शेजाऱ्याने सगळे निमूट सोसावे, असाही नाही. रात्री दोन वाजता माझा मुलगा भिंतीवर हात आपटतो, तेव्हा पलीकडे दिवसभर राबून आलेला माणूस झोपलेला असतो. त्याची झोप खरी आहे आणि तिचा भंगही खरा आहे. सकाळी त्याच्या दारी जाऊन बोलणे माझे काम आहे. बोलायचे ते त्या रात्रीबद्दल. मुलाच्या असण्याबद्दल नाही.

म्हणून आम्ही माहिती देतो. याचे नाव हे. हाक मारली तर ओ देईलच असे नाही, म्हणून समोर येऊन बोला. तुमचे दार उघडे दिसले तर तो सरळ आत येईल. पाणी दिसले की तिकडे धावतो, तेव्हा टाकीचे झाकण लावलेले असू द्या. रस्त्यात एकटा दिसला तर ओरडू नका, त्याच्यासोबत थांबा आणि आम्हाला फोन करा. एवढे सांगायला पाच मिनिटे पुरतात आणि एखादे दिवशी त्यावर जीव अवलंबून असतो.

यावर जी उत्तरे येतात, त्यांतली दोन आपल्याच लोकांची म्हणून जास्त लागतात. एक म्हणजे मागच्या जन्मीचे भोग. दुसरे, "हा तर जन्मजात योगी!" पहिले उत्तर दुष्टपणाने दिलेले असते असे नाही, आणि दुसरे तर हात जोडूनच दिलेले असते. पण पापी ठरवा की योगी, दोन्ही वेळी समोरच्या मुलाशी बोलायचे राहूनच जाते. त्याला उकडलेल्या शेंगा आवडतात, हे दोघांनाही कळत नाही. आळंदीच्या चार भावंडांना संन्याशाची पोरे म्हणून गावाने दूर ठेवले होते. मुलांच्या जन्माचा हिशेब मांडत बसणारा शेजार कसा असतो, हे आपल्याहून जास्त कोणाला ठाऊक असावे? पुढे ज्ञानोबांनी ताटी लावून घेतली तेव्हा मुक्ताई बाहेर उभी राहिली. आत कोंडून घेतलेल्या घरांपुढे अशी हाक देणारे कोणीतरी लागते, आणि ते बहुधा शेजारीच असू शकते.

पालखीतळावरची समाजआरती आपण पाहिली असेल. चोपदार दंड उंचावतात आणि हजारो माणसांचा तळ एका क्षणात शांत होतो. पण एखाद्या दिंडीची काही तक्रार असेल, तर ती दिंडी टाळ वाजवीतच राहते. त्या आवाजाला कोणी बेशिस्त म्हणत नाही. चोपदार तिथवर चालत जातात आणि काय झाले ते ऐकून घेतात. मला ही रीत फार मोलाची वाटते. आमच्या घरातून किंचाळी ऐकू येते, तेव्हा मुलगा असाच टाळ वाजवीत असतो. पोट दुखत असेल, दिवा डोळ्यांत खुपत असेल, नेहमीची वाट बदलली असेल. त्याच्याकडे सांगायला दुसरे साधन नाही. तेव्हा कृपा करून भिंतीवर ठोकू नका. बेलही नको. दारावर हळूच टकटक करा आणि विचारा.

आमच्या वरच्या मजल्यावर एक आजी राहतात. त्यांना ऑटिझम हा शब्द अजून नीट म्हणता येत नाही, आणि मीही तो त्यांच्याकडून घोटून घेतलेला नाही. सकाळी चटणी वाटायच्या आधी त्या गॅलरीत येतात आणि खाली वाकून सांगतात, "लावते रे बाळा." तो दोन्ही कानांवर हात ठेवतो. मग मिक्सर सुरू होतो.